कन्हाननं न नेलेली बाहुली

कुरिअरचा खोका हर्षाने शिलाई मशीनच्या टेबलावरच उघडला. वर बाहुलीच्या फ्रॉकांची एक गुंडाळी होती, खाली वर्तमानपत्रात बांधलेली बाहुली. तिने कागद सोडला, सवयीने बाहुली उलटी केली आणि तळपाय पाहिले.

उजव्या तळपायावर 'ह'. डाव्यावर 'मे'.

निळ्या बॉलपेनची अक्षरं. शाई आत मुरून कडा फुगल्या होत्या, पण वाचता येत होती. एका पायात चिमुकला पांढरा बूट होता. दुसरा पाय उघडा.

समोर बेसा भागातून माप द्यायला आलेली बाई उभी होती. "ताई, बाही कोपरापर्यंत ठेवा हो," ती म्हणाली.

हर्षाने वहीत लिहिलं, बाही कोपरापर्यंत. अक्षर जरासुद्धा हललं नाही. बाई गेल्यावर तिने शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसली.

ही बाहुली चौतीस वर्षांपूर्वी कन्हान नदीत बुडाली होती. मेघासोबत.

नागपूरच्या सक्करदऱ्यात हर्षाचं ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान होतं, मागे राहायच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत काचेचं कपाट आणि कपाटात एकशे त्रेसष्ट बाहुल्या. लांब पायांच्या, बारीक कमरेच्या, नटव्या फॅशन डॉल. रविवारच्या जुन्या बाजारात ती मळलेल्या खेळण्यांच्या ढिगाऱ्यात हात घालायची, आणि बोटांना तो गुळगुळीत गुडघा लागला की छातीत काहीतरी हलायचं. मग घरी आणून शाम्पूने केस धुणं, गुंता एकेक बट धरून सोडवणं, गरम पाण्यात बुडवून कुरळे करणं, उरल्यासुरल्या ब्लाऊजपीसमधून झगा शिवणं. त्या तेवढ्या दोन तासांत तिला आपण जिवंत आहोत असं वाटे. एरवी नाही. आई गेली, वडील गेले, ठरलेलं लग्न मोडलं. तिचे डोळे कोरडेच राहिले. लोक म्हणत, हर्षा घट्ट आहे. घट्ट वगैरे ती नव्हतीच. आत बधिर होती.

हे कधीपासून, ते तिला नेमकं ठाऊक होतं. १९९१ सालच्या रामनवमीच्या दुसऱ्या दिवसापासून.

तेव्हा ती कन्हानकाठच्या मौद्याला राहायची. ती नऊ वर्षांची, शेजारची मेघा हटवार दहाची. मेघाच्या मामाने मुंबईहून बाहुली आणली होती. दोघींत एक. एक आठवडा हिच्याकडे, एक तिच्याकडे. भांडण नको म्हणून दोघींनी एकेका तळपायावर आपापलं अक्षर लिहिलं. पिवळा ठिपक्यांचा पहिला फ्रॉक हर्षाने शिवला. बटणं मेघाने लावली, लाल दोऱ्याने. कापड कुठल्याही रंगाचं असो, मेघा बटण लाल दोऱ्यानेच लावायची. म्हणायची, "लाल दोरा तुटत नाही वं."

त्या वर्षी मेघाचा हात दोनदा मोडला. दोन्ही वेळा ती चिंचेवरून पडली, असं घरचे म्हणाले. मेघाला तर झाडावर चढायचीच भीती वाटायची.

रामनवमीच्या संध्याकाळी मेघा दारात आली. "बाहुली दे."

"माझा आठवडा आहे. परवा मिळेल."

"मले आजच पाहिजे."

हर्षाने नाही म्हटलं. मेघा हलेना. शेवटी हर्षाने बाहुली तिच्या अंगावर फेकली आणि म्हणाली, "घे. अन् पुन्हा येऊ नको माह्या घरी."

मेघा पुन्हा आली नाही. सकाळी घाटावर तिच्या चपला सापडल्या. पायरीवर, शेजारीशेजारी, आणि डाव्या चपलेत बाहुलीचा एक बूट. डोंगा, म्हणजे होडी, चालवणाऱ्या ढिवर लहानूने पोलिसांना सांगितलं, पोरगी पाण्यात उतरताना मी लांबून पाहिली, धावत येईपर्यंत गेली. लोक डोंग्यासाठी ओरडत होते आणि लहानूचा डोंगा पलीकडच्या काठाला बांधलेला होता. तो आणेपर्यंत तासभर गेला. प्रेत मिळालं नाही. बाहुलीही नाही.

तेराव्या दिवशी मेघाच्या आईने, इंदूबाईंनी, तो बूट हर्षाच्या हातात ठेवला. दरवर्षी त्या तारखेला हर्षा मौद्याला जाऊ लागली. इंदूकाकूंसोबत बसायचं, त्या वाढतील ते जेवायचं, यायचं. पहिल्या कमाईतून तिने काकूंना जांभळी साडी नेली, हिरव्या राघूंच्या छापाची. काकू ती साडी दरवर्षी नेसत, पण जुन्या काळ्या ब्लाऊजवर. राघूंचा ब्लाऊजपीस त्यांनी कधी शिवून घेतला नाही, शिवणारी समोर बसलेली असताना. भिंतीवर मेघाचा फोटो होता. तीस वर्षं त्याला हार नव्हता. आईचं मन मानत नाही, असं गाव म्हणे. २०२१ मध्ये लॉकडाऊन उठल्यावर हर्षा गेली, तेव्हा फोटोवर चंदनाचा हार होता. मानलं एकदाचं, एवढंच तिला वाटलं होतं.

हर्षाने आता दिवा जवळ ओढला आणि ग्राहकाचा ब्लाऊज तपासावा तशी बाहुली तपासायला घेतली.

आधी डोकं. तिने मान हलकेच फिरवून डोकं काढलं आणि आत टॉर्च मारला. पाण्यात पडलेल्या बाहुलीच्या डोक्यात मानेवाटे गाळ शिरतो आणि तिथेच वाळून बसतो. अशा चार बाहुल्या तिने साफ केल्या होत्या. हिचं डोकं आतून कोरं होतं. पिवळ्या फ्रॉकच्या टिचबटणांवर गंजाचा ठिपका नव्हता.

बाहुली नदीत पडलीच नव्हती.

मग फ्रॉक. एकूण आठ. तिने ते टेबलावर टाक्यांवरून मांडले, कच्च्या हातापासून सफाईदार हातापर्यंत. आठही फ्रॉकांची बटणं लाल दोऱ्याने लावलेली. पाचव्याचा कमरपट्टा शाळेतल्या बक्षिसाच्या फितीचा होता. फितीवर हिंदीत छापलं होतं, 'वार्षिक खेलकूद, बालाघाट, १९९६'.

हर्षाने तो आकडा दोनदा वाचला. १९९६ साली मेघा पंधरा वर्षांची असणार होती.

असणार होती नव्हे. होती.

शेवटचा फ्रॉक सगळ्यात सुबक. जांभळा, घेरावर हिरव्या राघूंची रांग. तो तिने बराच वेळ हातात धरला. मग घडी करून वेगळा ठेवला.

बाहुल्या जमवणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर ही वस्तू विकणारी मुलगी मिनल नावाची होती. पत्ता मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा. हर्षाने फोन लावला.

"दीदी, काही तुटलं आहे का?" पलीकडून काळजीचा आवाज आला. "मम्मीचं सामान आहे. मी नर्सिंगला इंदूरला चालले, घर खाली करायचं आहे."

"तुटलं काही नाही. फ्रॉक कोणी शिवले?"

"मम्मीने. ती छोटी होती तेव्हापासून शिवायची. जांभळा माझ्यासाठी शिवला होता, मी तीन वर्षांची होते."

"मम्मीचं नाव?"

"मीना. सिस्टर मीना. इथल्याच दवाखान्यात होती. कोरोनात ड्यूटी करता करता गेली. मे महिन्यात, दोन हजार एकवीस."

हर्षाने वहीत लिहिलं, मे २०२१. 'बाही कोपरापर्यंत' याच्या खाली.

"आणि तिची आई?"

"प्रेमिला नानी. तीही नर्स. मम्मीच्या आधीच गेली. आता पप्पा अन् मीच."

"या बाहुलीबद्दल मम्मी काही सांगायची?"

"सांगायची ना. बचपनच्या मैत्रिणीची अर्धी आहे म्हणे. ती मैत्रीण लग्न होऊन पुण्याला गेली अन् मम्मीला भूलून गेली. पत्ता पण ठेवला नाही. मम्मीला लई वाईट वाटायचं." मिनलचा आवाज सावध झाला. "तुम्ही काहून विचारून राहिल्या, दीदी?"

"नंतर सांगते," हर्षा म्हणाली. "बाकी काही विकू नको सध्या."

फोन ठेवून ती बसून राहिली. मेघा जगली होती. तीस वर्षं जगली होती, इथून चार-पाच तासांच्या वाटेवर. आणि गेली होती. एकाच दुपारी दोन्ही कळलं. रडू येईल म्हणून हर्षाने वाट पाहिली. आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. ती आयुष्यात कधी पुण्याला गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मौद्याला उतरली. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या धुरकट दिसत होत्या. लहानू घाटाच्या वरच्या अंगाला, मुलाच्या घरासमोर खाटेवर बसला होता. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात तुटक्या जाळ्याचा तुकडा.

"हर्षा नं तू?" त्याने डोळे बारीक केले. "आज कशी? तारीख तं नाही आज."

"एक विचारायचं आहे, लहानूबाबा. मेघी गेली त्या दिवशीचं."

"किती वेळा सांगू पोरी? म्या लांबून पाह्यली. धावलो. पोरगी गेली."

"कुठून धावलात?"

"हिकडूनच. झाडापासून."

"म्हणजे अलीकडच्या काठावर होता तुम्ही."

"हो मंग."

"अन् डोंगा?"

लहानूचे हात जाळ्यावर थांबले.

"डोंगा पलीकडे होता," हर्षा म्हणाली. "मले आठवते. लोक तासभर ओरडून राहिले होते. डोंगा तुमचा, वल्हवणारे तुम्ही एकटे. मग डोंगा तिकडे अन् तुम्ही इकडे, हे कसं झालं?"

"रातीच सोडला असंन."

"रात्री तुम्ही डोंगा आमच्या घरामागच्या खुंटाले बांधत होता. रोज. अन् पाण्यात उडी घेणारी पोरगी चपला नीट जोडून, बाहुलीचा बूट काढून चपलेत काहून ठेवीन, बाबा?"

हर्षाने पिशवीतून बाहुली काढून खाटेवर ठेवली.

लहानू बाहुलीकडे बघत राहिला. मग त्याने डोक्यावरचं फडकं काढून तोंडावरून फिरवलं.

"माह्या डोंग्यात मांडीवर घिऊन बसली होती हिले," तो हळू म्हणाला. "उजाडायच्या आंधी नेली पलीकडं. तिथं एक नर्सबाई उभी होती. तिच्या हाती देली. परत फिरलो तं घाटावर बाया आल्या होत्या पान्याले. रिकामा डोंगा घिऊन कसा येऊ? तिकडंच बांधला अन् पुलावरून पायी आलो."

"चपला कोणी ठेवल्या?"

"म्याच, निंघाच्या आंधी. पन तो बूट पोरीनं सोताच ठेवला. मले म्हने, हा हर्षीले द्याले सांगजा."

"न्यायले कोणी सांगितलं होतं?"

"ते नाही सांगत म्या. शपथ हाय."

"नका सांगू," ती उठली. "मले माहीत आहे. तुम्ही फक्त माह्यासोबत चला."

इंदूबाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. सत्तरी उलटलेल्या, वाळलेल्या, पण ताठ. हर्षाला पाहून चेहरा उजळला, मागे लहानू दिसताच विझला.

"ये वं माय. चहा ठेवू?"

"बसा काकू."

हर्षाने बाहुली आणि आठ फ्रॉक सुपाशेजारी मांडले. इंदूबाईंनी बाहुलीकडे पाहिलं नाही. त्यांची नजर थेट जांभळ्या फ्रॉकवर गेली आणि तिथेच अडकली.

"हे कुठून आणलं?"

"बालाघाटहून. मी सांगते, काकू. चुकलं तं थांबवा." हर्षाचा आवाज सपाट होता, ब्लाऊजची मापं सांगावीत तसा. "मेघी चिंचेवरून पडली नव्हती. तिले झाडाची भीती वाटे. दोन्ही वेळा तिच्या बापानं, रुपरावकाकांनी, हात मोडला. दारू पिऊन."

इंदूबाई तांदळात बोटं रोवून बसल्या होत्या.

"तुम्ही तिले माहेरी पाठवलं असतं तं ते ओढून आणत. पोलिसात गेल्या असत्या तं पोलिसांनी समजूत काढून घरी धाडलं असतं. मेलेल्या पोरीले मात्र कोणी शोधत नाही. म्हणून तुम्ही तिले मारली. कागदावर. लहानूबाबांनी डोंग्यातून नेली अन् पलीकडे प्रेमिला नावाच्या नर्सनं घेतली. तिनं मेघाची मीना केली, शिकवलं, नर्स केली. बाहुली नदीत पडलीच नव्हती, ती डोक्याच्या आतून कोरडी आहे. अन् ही फीत १९९६ ची आहे."

"प्रेमिला माही शाळेतली सोबतीन," इंदूबाई म्हणाल्या. "यायले, मेघीच्या बापाले, ठाऊक नव्हती."

"पण हे तुम्ही केलं, ते मले फितीवरून नाही कळलं. लहानूबाबांनी तर तुमचं नाव घेतलंच नाही." हर्षाने जांभळा फ्रॉक उचलला. "हा छाप मी निवडला होता. राघूंचा. साडी दरवर्षी तुमच्या अंगावर पाहिली, ब्लाऊजपीस कधी पाहिला नाही. तो तुम्ही मेघीले नेऊन दिला. तिच्या पोरीसाठी. म्हणजे तुम्ही तिले भेटत होता."

"सालातून एकडाव. घरी रामटेकले जातो म्हनून सांगत होती मी."

"अन् फोटोले हार तीस वर्षांनी चढला. गाव समजलं, मन मानलं. मीही तेच समजली. तुम्ही हार घातला तेव्हा मेघी खरीच गेली होती."

इंदूबाईंचा ताठा पहिल्यांदा मोडला. "फोन लावला होता म्या. तिच्या पोरीनं उचलला. म्हने, मम्मी नहीं रही. कोन बोलून राहिले? काय सांगू मी, कोन म्हनून? ठेवून देला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "रडाची बी सोय नव्हती वं. माही पोरगी तं गावासाठी तीस वर्साआंधीच मेली होती. मोरीत नळ सोडून रडली मी."

लहानू दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला.

हर्षा थांबली. तिचं संपलं नव्हतं.

"इथवर मी तुम्हाले दोष देत नाही, काकू. पोर वाचवली तुम्ही. मी नऊ वर्षांची होती, मले सांगितलं असतं तं मी बोलून बसली असती. हेही खरं. पण काका २०१० मध्ये वारले. मग भीती कोणाची होती?"

इंदूबाई तांदळातले खडे वेचू लागल्या.

"मेघी माह्याबद्दल विचारत होती का?"

"दरवर्सी," इंदूबाई म्हणाल्या.

"अन् तुम्ही सांगितलं, हर्षीचं लग्न झालं, पुण्याले गेली, पत्ता नाही. तिच्या पोरीनं मले सांगितलं. मेघीले हे सांगणारं जगात एकच माणूस होतं. मी सक्करदऱ्यात बसून होती, काकू. दर चैत्रात या ओसरीत जेवून जात होती. मी तिले म्हटलं होतं पुन्हा येऊ नको, म्हणून ती मेली, असं समजून जगली मी. चौतीस वर्षं. अन् तिकडे ती समजत होती, मी तिले विसरली. काहून, काकू?"

इंदूबाईंनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर चुकवली नाही.

"तू येनं बंद केलं असतं."

"काय?"

"हे मेले. पोरगी परमुलखात, कागदावर मेलेली, तिले जवळ बोलावता येत न्हाई. म्हाताऱ्या बाईकडे कोन येते वं? तू येत होती. मेघी मेली म्हनून येत होती. ती जिती आहे असं कळलं असतं तं तू तिच्याकडे गेली असती. माह्याकडे काहून आली असती?" त्यांचा आवाज फाटला. "एक साल सांगीन, दुसऱ्या साली सांगीन म्हनत राहिली. मंग ती गेली. मंग सांगाले काही उरलंच न्हाई."

हर्षाला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तिने फ्रॉक एकेक करून घडी घातले. जांभळा मात्र सुपाशेजारी तसाच राहू दिला.

"मिनल तिचं नाव," ती म्हणाली. "तुमच्या नातीचं. पुढच्या आठवड्यात इंदूरले चालली. घर खाली करून राहिली. तिले वाटते, तिच्या मम्मीकडचं कोणीच नाही."

इंदूबाईंचा हात फ्रॉककडे गेला आणि मध्येच थांबला.

"रविवारी सकाळी सात वाजता तयार राहा. बालाघाटची गाडी आहे. तिले तुम्ही सांगायचं. सगळं. पुण्याचंही."

"ती मले घरात घेईन का?"

"मले माहीत नाही."

"अन् तू?" इंदूबाई दारापर्यंत मागे आल्या. "तू येशील ना वं पुढं?"

हर्षा पायरीवर थांबली. खोटं बोलणं सोपं होतं. या घरात खूप झालं होतं ते.

"रविवारी येते," ती म्हणाली. "ते मेघीच्या पोरीसाठी. तुमच्यासाठी येते का नाही, ते अजून मले कळत नाही."

लहानू तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालत आला. वळताना त्याने फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जड पावलांनी घराकडे गेला.

बसस्टँडवर नागपूरची गाडी लागायची होती. ऊन चढलं होतं. कढईतून आलूबोंडे निघत होते. हर्षाच्या लक्षात आलं की कालच्या दुपारपासून तिच्या पोटात काही नाही. तिने दोन घेतले आणि उभ्याउभ्याच पहिला घास घेतला. जीभ पोळली. चांगलीच पोळली. डोळ्यांतून पाणी आलं.

"सबर करा ना ताई," कढईवाला म्हणाला. "गरम आहे."

"कळलं," हर्षा म्हणाली. पाणी थांबत नव्हतं. तिने ते थांबवलंही नाही.